वाचकांचे प्रश्न : सेप्टिक टँक भरली की शोषखड्डा तुंबला?

पुणे महापालिकेच्या हद्दीत २०१७ मध्ये ११ आणि २०२१ मध्ये आणखी २३ गावं आली. हद्द वाढली, तरी या गावांतले कितीतरी बंगले, रो-हाउस आणि गुंठेवारीतली घरं अजून सेप्टिक टँकवरच आहेत. पावसाळा सरताना याच भागांतून आलेल्या पत्रांमधले निवडक प्रश्न या अंकात घेतले आहेत.

प्रश्न : घरात सहा माणसं, टाकी अंदाजे दोन हजार लिटरची, बारा वर्षं जुनी. दोन महिन्यांपूर्वी गाडी बोलावून उपसून घेतली. काल झाकण उघडलं तर पुन्हा काठोकाठ! गाडीवाला म्हणतो, दर तीन महिन्यांनी उपसावी लागेल. टाकी लहान पडतेय का? (धायरी)

टाकी भरलेली दिसली म्हणजे बिघडली असं नाही. चालू सेप्टिक टँक कायम भरलेलीच असते. सहा माणसांचं सगळं सांडपाणी टाकीत जात असेल तर दिवसाला सुमारे सहाशे लिटर होतं. म्हणजे रिकामी केलेली टाकी तीन-चार दिवसांत भरणारच. त्यानंतर जेवढं पाणी आत येतं तेवढंच पलीकडच्या पाइपातून शोषखड्ड्यात, म्हणजे पाणी जमिनीत मुरवणाऱ्या खड्ड्यात, जातं. जड मैला तळाशी बसतो, तेल-साबणाचा थर वर तरंगतो आणि मधलं त्यामानाने निवळ पाणी पुढे सरकतं. टाकीचं काम एवढंच.

म्हणून बघायचं ते पाणी किती आहे हे नव्हे, तर पाण्याची पातळी बाहेर जाणाऱ्या पाइपाच्या मानाने कुठे आहे हे. दोन तास घरात पाणी वापरू नका, मग बाहेर जाणाऱ्या बाजूचं झाकण उघडा. पातळी पाइपाच्या बरोबर खालच्या कडेला असेल तर टाकी व्यवस्थित आहे, गाडीचे पैसे वाचवा. पाइप पाण्यात बुडालेला असेल तर पुढे अडलंय. मग शोषखड्ड्याचं झाकण उघडा. खड्डा रिकामा आणि टाकी तुडुंब असेल तर मधला पाइप चोंदलाय. चेंबरमधून सळई किंवा प्लंबरची स्प्रिंग फिरवली की मोकळा होतो. दोन्हीकडे पाणी चढलेलं असेल तर शोषखड्डा बसलाय, म्हणजे पाणी मुरवेनासा झालाय, आणि तुमच्या वर्णनावरून हेच झालेलं दिसतं. अशा वेळी टाकी उपसली की तीन-चार दिवस बरं वाटतं, टाकी भरली की पुन्हा तेच.

याच तपासणीत आणखी दोन गोष्टी कळतात. पातळी नेहमीच पाइपाच्या खूप खाली राहत असेल तर टाकीला तडा गेलाय आणि कच्चा मैला जमिनीत मुरतोय. हे तुंबण्यापेक्षा वाईट, कारण वर काहीच दिसत नाही. टाकी ठीक असून संडासात पाणी चढत असेल तर अडथळा भांडं आणि टाकी यांच्यामध्ये आहे.

शोषखड्डा बसण्याचं कारण बहुतेक वेळा टाकीतच सापडतं : बाहेर जाणाऱ्या पाइपाचा ‘टी’ (इंग्रजी T च्या आकाराचा जोड) तुटलेला किंवा मुळात बसवलेलाच नसतो. या टीचा खालचा पाय पाण्यात साधारण फूटभर बुडालेला हवा आणि वरचं तोंड पाण्याच्या वर उघडं हवं. म्हणजे तळाचा गाळही जात नाही आणि वरचा थरही जात नाही. उपसताना गाडीचा जाड होज आपटून हा टी निखळतो आणि कुणाच्या लक्षात येत नाही. मग तेल आणि मैल्याचे कण सरळ शोषखड्ड्यात जातात, मातीच्या छिद्रांवर काळा बुळबुळीत थर चढतो आणि पाणी मुरणं थांबतं. अ‍ॅसिड ओतून हा थर निघत नाही.

क्रमाने करायचं ते असं. आधी चार इंची पीव्हीसीचा टी बसवून घ्या. हात झाकणातून पोचत नसेल तर स्लॅबचा तेवढा भाग फोडून वरून बसवावा, माणूस आत उतरवू नये. मग जुना शोषखड्डा गाडीने उपसून घ्या. त्याच्या शेजारी, निदान खड्ड्याच्या खोलीइतकं अंतर सोडून, दुसरा खड्डा घ्या आणि दोघांच्या आधी एक छोटं चेंबर बांधून पाणी आलटूनपालटून सोडण्याची सोय करा. सहा महिने एक, सहा महिने दुसरा. बंद ठेवलेल्या खड्ड्यात हवा खेळते, काळा थर वाळतो आणि खड्डा बराचसा पूर्ववत होतो.

आणखी एक जरूर तपासा. गच्चीचा पावसाचा पाइप याच लाइनीत सोडलेला नाही ना? हजार चौरस फुटांच्या गच्चीवर एक इंच पाऊस पडला तर सुमारे २३०० ते २४०० लिटर पाणी होतं, म्हणजे तुमच्या अख्ख्या टाकीपेक्षा जास्त. एका सरीत तळाचा गाळ ढवळून शोषखड्ड्यात जातो. पावसाचं पाणी, अंगण धुतल्याचं पाणी आणि पाण्याच्या टाकीचा ओव्हरफ्लो सेप्टिक टँकमध्ये कधीही नको.

प्रश्न : मग टाकी उपसायची वेळ झाली हे ओळखायचं कसं? (उंड्री)

मोजून. आठ फुटी बांबू किंवा पीव्हीसी पाइप घ्या, खालच्या चार फुटांना जुना पांढरा पंचा घट्ट गुंडाळून सुतळीने बांधा. झाकण उघडून दहा मिनिटं लांब थांबा. मग बांबू हळूहळू तळाला टेकेपर्यंत सोडा, चार-पाच मिनिटं तसाच धरा आणि सावकाश वर काढा. पंचावर जिथपर्यंत काळे कण चिकटलेले दिसतील तेवढा गाळ. वरच्या थरासाठी दुसऱ्या काठीच्या टोकाला आडवी छोटी फळी ठोका, ती थरातून खाली घाला, काठी फिरवा आणि वर ओढा. फळी अडते तिथे थराची खालची कड.

सेप्टिक टँकचं भारतीय मानक २४७० सांगतं की गाळ आणि वरचा थर मिळून टाकीच्या खोलीच्या निम्म्यापेक्षा जास्त झाले की टाकी साफ करावी. आमचा सल्ला असा की दोन्ही मिळून एक-तृतीयांशावर आले की गाडी सांगून ठेवावी, म्हणजे निम्म्याची वेळ येत नाही. मीटरभर पाण्याच्या टाकीत हा आकडा ३३ सेंटिमीटर.

हिशेबाने किती वर्षं जातात तेही बघा. पाच माणसांच्या टाकीचं रूढ माप दीड मीटर लांब, पाऊण मीटर रुंद आणि एक मीटर पाणी, म्हणजे ११२५ लिटर. गाळ माणशी वर्षाला ३० ते ४० लिटर साचतो. पाच माणसांचा वर्षाला सुमारे पावणेदोनशे लिटर, म्हणजे एक-तृतीयांश व्हायला साधारण दोन वर्षं. तीच टाकी दोघं म्हातारे वापरत असतील तर पाच वर्षंही जातात. म्हणून शेजाऱ्याने उपसली म्हणून आपणही उपसायची, यात अर्थ नाही. वर्षातून एकदा, दिवाळीच्या सफाईत, मोजावं आणि आकडा तारखेसह लिहून ठेवावा. तीन वर्षांच्या नोंदी झाल्या की तुमच्या घराचा वेग तुम्हालाच कळतो.

मोजताना तोंड झाकणावर आणू नका; काडी, उदबत्ती, विडी जवळ नको; पोरांना लांब ठेवा. हातमोजे घाला, नंतर साबणाने हात धुवा, पंचा टाकून द्या.

प्रश्न : बाजारात ‘टाकी कधीच उपसावी लागणार नाही’ अशी जिवाणूंची पावडर मिळते. टाकावी का? गूळ आणि यीस्टही सांगतात. (लोहगाव)

गरज नाही. लागणारे जिवाणू मैल्यातूनच रोज टाकीत जातात. ते मैला कुजवून कमी करतात, पण सगळा नाही. वाळू, केस, न कुजणारा भाग तळाशी राहतोच आणि तो उपसूनच काढावा लागतो. नव्या टाकीत मात्र सुरुवात नीट करावी : बाहेरच्या पाइपापर्यंत साध्या पाण्याने भरावी आणि दुसऱ्या चालू टाकीतला बादलीभर गाळ टाकावा, तो मिळाला नाही तर कुजलेल्या शेणाचा काला चालतो. मेलेली उंदीर-घूस किंवा मटणाचे तुकडे टाकण्याची रीत काही ठिकाणी आहे, तिचा उपयोग काहीच नाही.

संडास धुण्याचं नेहमीचं अ‍ॅसिडचं द्रावण आठवड्याला झाकणभर वापरलंत तर टाकीला फरक पडत नाही. अख्खी बाटली, कॉस्टिक सोडा किंवा ब्लीचिंग पावडर ओतली तर जिवाणू मरतात आणि गाळ कच्चाच राहतो. त्याहून मोठं नुकसान करतात ते सॅनिटरी पॅड, डायपर, ओले वाइप्स, निरोध, दाढीचे केस आणि तळणीचं तेल. वाइप्सच्या पाकिटावर काहीही लिहिलेलं असो, ते विरघळत नाहीत.

प्रश्न : उपसायला आलेला माणूस म्हणतो, तळाचा घट्ट गाळ होजला येत नाही, जादा पैसे द्या, आत उतरून काढतो. उतरू द्यावं का? (वाघोली)

नाही. कितीही आग्रह केला, कितीही सवय आहे म्हणाला तरी नाही. टाकीत हायड्रोजन सल्फाइड, मिथेन आणि कार्बन डायऑक्साइड साचलेले असतात. हायड्रोजन सल्फाइड हवेपेक्षा जड, त्यामुळे तळाशी थांबतो. थोडा असताना सडक्या अंड्याचा वास येतो. प्रमाण वाढलं की नाकाची वास घेण्याची शक्तीच जाते, आणि माणसाला वाटतं आता वास नाही, उतरायला हरकत नाही. गाळावर पाय पडला की त्यात अडकलेला वायू एकदम सुटतो. दोन श्वासांत माणूस कोसळू शकतो. त्याला काढायला दुसरा उतरतो, मग तिसरा. एकाच टाकीत दोन-तीन जीव गेल्याच्या बातम्या येतात त्या अशाच. तोंडाला रुमाल बांधून यातलं काही टळत नाही. पेटता दिवा सोडून बघण्याची पद्धत तर आणखी घातक, कारण हवेत ५ ते १५ टक्के मिथेन असला की स्फोट होतो.

हाताने मैला उचलण्यास बंदी करणाऱ्या २०१३ च्या कायद्याच्या ७व्या कलमाने सेप्टिक टँकच्या अशा धोकादायक सफाईसाठी माणूस लावायला मनाई केली आहे. ही मनाई ठेकेदारालाही आहे आणि घरमालकालाही. पहिल्या गुन्ह्यालाच दोन वर्षांपर्यंत कैद किंवा दोन लाखांपर्यंत दंड, किंवा दोन्ही. सर्वोच्च न्यायालयाने ऑक्टोबर २०२३ मध्ये अशा मृत्यूची भरपाई ३० लाख रुपये ठरवली. पण कायदा नसता तरी उत्तर हेच असतं. तुमच्या घरच्या मैल्यासाठी कुणाच्या घरचा माणूस जाता कामा नये.

घट्ट गाळ वरूनच सैल करता येतो. वरचा थर लांब बांबूने फोडायचा, अर्धं पाणी उपसून झालं की गाडीतलंच किंवा नळाचं पाणी जोराने तळाशी मारायचं, लांब दांड्याने ढवळायचं आणि पुन्हा ओढायचं. तीन-चार फेऱ्यांत निघतो. टाकी दोन कप्प्यांची असेल तर दोन्ही कप्प्यांची झाकणं उघडायला लावा. बरेच जण पहिलाच कप्पा उपसून जातात. तळाला इंचभर गाळ राहू द्यावा, पुढच्या कुजण्याला तो विरजणासारखा उपयोगी पडतो. टाकी घासून-धुऊन स्वच्छ करू नये. शेवटी टॉर्चच्या उजेडात वरूनच दोन्ही टी (आत येणाऱ्या आणि बाहेर जाणाऱ्या पाइपांचे) जागेवर आहेत का ते बघा आणि लगेच टाकी पाण्याने भरा.

गाडी ठरवताना तीन गोष्टी विचारा : टँकर किती लिटरचा, होज किती लांब, आणि मैला नेऊन कुठे ओतणार. तिसऱ्या प्रश्नाला टाळाटाळ झाली तर दुसरी गाडी बघा. ओढ्यात सोडलेला मैला मुळा-मुठेतच जातो. साताऱ्यातल्या वाईत आणि नाशिकच्या सिन्नरमध्ये नगरपरिषदांनी प्रत्येक टाकी तीन वर्षांनी ठरल्या पाळीने उपसून मैला प्रक्रियेला नेण्याची व्यवस्था उभी केली आहे. आपल्याकडच्या नव्या गावांनी हीच मागणी लावून धरायला हवी.

कुणी टाकीत पडलंच तर आत उतरू नका. सगळी झाकणं उघडा, १०१ वर अग्निशमन दलाला फोन करा, दोर सोडता आला तर वरून सोडा.

भर पावसात टाकी रिकामी करू नका. जमिनीतलं पाणी वर आलेलं असताना रिकामी टाकी, विशेषतः तयार प्लास्टिकची, खालून उचलली जाते आणि पाइपांचे सांधे तुटतात. नोव्हेंबर ते मे हा काळ उत्तम.

प्रश्न : सूसला घर बांधतोय. वर दोन-तीन फूट काळी माती, खाली मुरूम. शोषखड्डा केवढा आणि कुठे घ्यावा? (सूस)

आधी जमीन पाणी किती पिते ते मोजा. खड्ड्याचा तळ जिथे येणार तिथपर्यंत खणा आणि तळाशी वीतभर रुंदीचं छोटं भोक घ्या. त्याच्या कडा खरवडा, दोन इंच जाड वाळू किंवा बारीक खडी टाका आणि रात्रभर पाणी भरून ठेवा. दुसऱ्या दिवशी खडीवर १५ सेंटिमीटर पाणी राहील असं करून अर्ध्या तासात किती उतरतं ते बघा, आणि त्यावरून २५ मिलिमीटर उतरायला किती मिनिटं लागतात ते काढा. ३० मिनिटांच्या आत असेल तर शोषखड्डा चालेल. तासावर जात असेल तर शोषखड्ड्याचा नाद सोडा आणि टाकीच्या पुढे खडीचा फिल्टर बांधण्याचा विचार करा.

ही चाचणी उन्हाळ्यात रात्रभर न भिजवता कधीच करू नका. काळी माती वाळली की भेगाळते, पाणी भराभर पिते आणि फसवते. पावसाळ्यात तीच फुगून बंद होते. म्हणून काळ्या मातीचा थर पूर्ण ओलांडून मुरमात जाणं भाग आहे.

समजा २५ मिनिटं आली. मानक २४७० च्या सूत्राने अशी जमीन दर चौरस मीटरला रोज सुमारे ४० लिटर पाणी घेते, आणि क्षेत्र धरायचं ते खड्ड्याच्या भिंतीचं. चार फूट व्यासाचा, पाणी शिरतं त्याच्या खाली दोन मीटर खोल खड्डा घेतला तर भिंत साडेसात चौरस मीटर, म्हणजे रोजचे तीनशे लिटर. सहा माणसांच्या फक्त संडासाचं पाणी माणशी ४० लिटर धरून २४० लिटर होतं. एक खड्डा पुरतो. आंघोळ, कपडे, भांडी सगळं त्यातच सोडलं तर सहाशे लिटर, दोन खड्डे लागतात. म्हणून घर बांधतानाच दोन लाइनी वेगळ्या करा. मोरी आणि वॉशिंग मशीनचं पाणी केळी-कर्दळीच्या वाफ्यात सोडा, स्वयंपाकघराच्या पाण्याला आधी तेल अडवणारं छोटं चेंबर द्या. पुढे घराचा मजला वाढला तरी टाकीवर भार येत नाही.

अंतरं : विहीर किंवा बोअरपासून किमान १८ मीटर, घराच्या पायापासून ६ मीटर. भिंत कोरड्या विटांची, सांधे उघडे, मागे तीन इंच खडी. प्लॉट लहान म्हणून सहा मीटर जमत नसेल तर निदान खड्डा घराच्या उताराच्या बाजूला घ्या. पिंपळ, उंबर, नारळ जवळ लावू नका, मुळं पाण्याच्या मागावर येतात. आणि झाकणं पार्किंगच्या फरशीखाली गाडू नका. पुण्यातल्या किती बंगल्यांत टाकी शोधायलाच फरशी फोडावी लागते!

प्रश्न : बाथरूममध्ये सकाळी वास येतो आणि डास फार झालेत. (नऱ्हे)

वास बाथरूममध्येच असेल तर आधी न वापरल्या जाणाऱ्या नहाणी ट्रॅपमध्ये (फरशीतल्या जाळीखालच्या, पाणी धरून ठेवणाऱ्या भांड्यात) तांब्याभर पाणी ओता. त्यातलं पाणी सुकलं की लाइनीतली हवा सरळ घरात येते. संडास फ्लश केल्यावर दुसऱ्या ट्रॅपमध्ये ‘गुळगुळ’ आवाज येत असेल तर व्हेंट पाइप (लाइनीतली हवा वर बाहेर सोडणारा पाइप) चोंदलाय किंवा नाहीच. टाकीचा व्हेंट किमान ५० मिलिमीटर व्यासाचा आणि घराच्या माथ्यापासून दोन मीटर वर हवा. खिडकीच्या उंचीवर कापलेला व्हेंट म्हणजे वास घरात पाठवण्याची सोय.

डासांसाठी व्हेंटच्या तोंडाला न गंजणारी बारीक जाळी बांधा आणि झाकणांच्या फटी सिमेंटऐवजी चिकणमातीने किंवा पातळ चुन्याने बुजवा, म्हणजे पुढे उघडता येतील. क्युलेक्स डास घाण पाण्यातच वाढतात. टाकीत रॉकेल किंवा जळकं ऑइल ओतू नका, ते शोषखड्ड्यातून जमिनीत जातं.

प्रश्न : बोअर शोषखड्ड्यापासून चाळीस फुटांवर आहे. पाणी स्वच्छ दिसतं. प्यावं का? (मांजरी)

तपासल्याशिवाय नाही. पुण्याखालच्या काळ्या पाषाणात पाणी भेगांमधून वाहतं. मातीतून गाळून जावं तसं इथे होत नाही, त्यामुळे साठ फुटांचं अंतरसुद्धा खात्री देत नाही. प्रयोगशाळेत ई-कोलाय (मैल्यातून येणारे जिवाणू) आणि नायट्रेट या दोन्ही चाचण्या मागा, पावसाळ्यात एकदा आणि उन्हाळ्यात एकदा. पिण्याच्या पाण्याच्या भारतीय मानक १०५०० प्रमाणे १०० मिलिलिटर पाण्यात ई-कोलाय एकही नको आणि नायट्रेट लिटरला ४५ मिलिग्रॅमच्या आत हवं. उकळल्याने जंतू मरतात, नायट्रेट जात नाही. ते जास्त असेल तर सहा महिन्यांच्या आतल्या बाळाला त्या पाण्याचं दूध अजिबात देऊ नका. बोअरच्या केसिंगभोवतीची फट सिमेंटने बुजवून वर उतार असलेला ओटा बांधा, आणि पुढचा शोषखड्डा बोअरपासून लांब, उताराच्या खाली घ्या.

प्रश्न : आमच्या गल्लीत ड्रेनेजची लाइन आली. टाकीचं काय करावं? (आंबेगाव)

नोंदणीकृत प्लंबरकडून परवानगी घेऊन घराची लाइन सरळ ड्रेनेजच्या चेंबरला जोडा. टाकी मध्ये ठेवून तिचा ओव्हरफ्लो जोडू नका, नाहीतर उपसण्याचा खर्च कायम मागे राहतो. मग टाकी शेवटची उपसून घ्या, आत पाणी आणि चुना टाकून पुन्हा उपसा. स्लॅब काढल्यावर वरूनच ब्रेकरने तळाला दोन-तीन भोकं पाडा, म्हणजे पावसाचं पाणी आत साचणार नाही. मुरूम एकदम ओतू नका. फूट-फूट थर टाकून, पाणी मारून, धुमसाने ठोकत वर आणा. वर गाडी उभी करायची असेल तर एक पावसाळा जाऊ द्या, मुरूम जेवढा बसेल तेवढा भरा आणि मगच फरशी घाला.